पडद्यामागची झडती

आमच्या कारखान्यात तान्ह्या बाळांचे कपडे शिवतात. इतके मऊ, की हातात घेतल्यावर आपल्याच हातांची लाज वाटावी. आणि अशा कारखान्याच्या गेटवर जी बाई बसवली होती ती मात्र दगडासारखी टणक. सुटीचा भोंगा झाला की साडेतीनशे बायका रांगेत उभ्या राहायच्या, एकेक करून हिरव्या पडद्याआड जायच्या आणि तिच्यासमोर हात वर करायच्या. तोंडावर सगळ्या तिला मावशी म्हणत, पाठीमागे फौजदारीण. तिला दोन्ही माहीत होतं, आणि माझा अंदाज असा की दुसरं नाव तिला जास्त आवडायचं.

मी शेजारच्या खिडकीत बसायचे. सकाळी प्रत्येकीला तिच्या नंबरचा बिल्ला द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. माझी खिडकी आणि तिचा पडदा यांच्यात दोन हातांचं अंतर. त्यामुळे चौदा वर्षं मी तिची शेजारीण, साक्षीदार आणि तक्रारपेटी अशा तिन्ही जागा सांभाळल्या.

झडती घेताना ती समोरच्या बाईकडे बघायचीच नाही. नजर भिंतीवरच्या घड्याळावर आणि हात कामावर. खांदे, काखा, पाठ, कंबर, पोट, मांड्या, घोटे. आठ सेकंदांत एक बाई बाहेर. त्या आठ सेकंदांत तिने अंबाड्यात गुंडाळलेली लेस पकडली होती, मोज्यात घातलेली बटणं पकडली होती, आणि पोटाला सहा झबली बांधून निघालेल्या एकीला हात लावण्याआधीच, नुसत्या चालीवरून पकडलं होतं. "तोंड वाट्टेल ते बोलतं," ती म्हणायची, "अंगाला खोटं बोलता येत नाही." यात बढाई होती, पण खोटं नव्हतं.

हा संशय ती गेटवर टांगून घरी जात असती तर एक वेळ बरं. पण नाही. दूधवाल्याने पाणी घातलं, शेजारणीने दोरीवरचे चिमटे नेले, सगळं जग हिच्या वाईटावर. नवऱ्यावर तिने हयातभर संशय घेतला. तो बिचारा गेला तेव्हा कळलं की तो दुपारी कामावरून गायब होऊन बागेच्या बाकावर झोपायचा, एवढाच त्याचा गुन्हा. माझे बिल्लेसुद्धा ती अधूनमधून मोजून बघायची. मी रागवायचे. ती म्हणायची, "रागावतेस म्हणजे काहीतरी आहे."

गेल्या वर्षापासून सुनेची पाळी होती. रोज सकाळी गेट उघडायच्या आत मला बातमीपत्र मिळायचं.

"आजपण भाजी कडू लागली. काहीतरी घालते ती."

"अहो, काय घालणार?"

"ते कळलं असतं तर पकडलंच असतं की. फोडणीचा वास आला तरी मळमळतं मला. आणि दुपारी बघितलंस ना, कशी गुंगी येते? तशीच घरी जाऊन पेंगले की हिला फोनवर बोलायला रान मोकळं."

सून एकदा विसरलेला डबा द्यायला गेटवर आली. शांत, गोड बाई. जाताना हळूच मला म्हणाली, "सांभाळून घ्या हं. आमच्या सासूबाईंना कावीळ न होताच सगळं जग पिवळं दिसतं." आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आता काजवालीकडे येते. ती काजाच्या मशीनवर बसायची, वीस वर्षं. छोट्या झबल्याला छोटं काज, दिवसाला हजारावर. नवरा नाही, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात, आणि घरात पगार एकाच बाईचा. बोलायची इतकी कमी की बिल्ला देताना तिचा नंबर मलाच म्हणावा लागायचा.

एका संध्याकाळी झडतीत फौजदारणीच्या हाताला तिच्यात काहीतरी लागलं. त्या संध्याकाळी काजवालीला आठाच्या जागी वीस सेकंद लागले. रांग संपल्यावर फौजदारीण माझ्या खिडकीत वाकली.

"काजवालीचं पोट भरलंय."

"जेवली असेल."

"जेवत नाही ती. डबा परत नेते, जड असतो. दंड बघ, काड्या झाल्यात. आणि पोट वाढतंय."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्या मनातलं ओळखलं आणि मान हलवली. "चार बाळंतपणांत मदत केलीय मी. ते तसलं पोट नाही."

त्यात नेमकी अस्तराची मलमल कमी भरायला लागली. काजाच्या खात्यात जाणारे गठ्ठे हलके येत होते. सुपरवायझर गेटवर येऊन म्हणाला, शनिवारपर्यंत नाव पाहिजे. पातळ मलमल अंगाला गुंडाळली तर हाताला लागत नाही, हे त्यालाही माहीत होतं. नाव लागलं की माणूस त्याच दिवशी बाहेर, आणि अशा बाईला दुसऱ्या कारखान्याच्या दारात कुणी उभं करत नाही. म्हणजे काजवालीची नोकरी, तिच्या मुलीची शाळा, सगळं फौजदारणीच्या दहा बोटांवर येऊन बसलं.

आणि बोटं तर सुतावरून स्वर्ग गाठायला निघाली होती. रोज नवा पुरावा. सोमवारी कळलं की काजवालीच्या दंडावर निळे डाग आहेत. "माझ्याच बोटांचे. शुक्रवारी जरा दाबून धरलं होतं. एवढ्याने कुणाला डाग पडतात का?" मंगळवारी तळहात लालभडक. "कापडाचा रंग असेल म्हणून पुसून बघितले, जात नाही." बुधवारी मानेवर, पाठीवर ओरखडे. मशीनवर बसल्या बसल्या डुलक्या, दुपारी तीनला स्वतःच्याच मशीनचा नंबर आठवेना. गुरुवारी फौजदारणीने सगळ्याची मोळी बांधून निकाल दिला.

"पिते ती."

"काजवाली? अहो, ती पाणीसुद्धा विचारून पिते."

"तसल्याच पितात. ताकास तूर लागू देत नाहीत. पोटाला मलमल बांधते, ती विकते आणि पिते."

शुक्रवारी तिने काजवालीला सगळ्यांत शेवटी थांबवलं. कपडे वर करून झडती घ्यायची तर दुसरी बाई साक्षीला लागते, असा नियम. मी खिडकी बंद करून पडद्याआड गेले. आत डोक्यावर ट्यूबलाइट, एक स्टूल, आणि भिंतीशी टेकून उभी काजवाली. तिने न सांगताच एप्रन सोडला आणि वरचा कपडा उचलला.

मलमल नव्हती. पोट होतं, ताणलेलं आणि चकाकणारं. बेंबी बाहेर आलेली, कातडीखाली निळ्या शिरा. छातीवर मधे लाल टिंब आणि त्यातून निघालेल्या बारीक रेघा, असे चार-पाच डाग. फौजदारीण खाली वाकली, मोजा खाली केला. इलॅस्टिकची खोल खूण. तिने नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. आम्ही तिघी त्या खळग्याकडे बघत बसलो. मग फौजदारणीने काजवालीची हनुवटी उजेडाकडे वळवली. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

"किती पितेस?"

"थेंबसुद्धा नाही, मावशी."

"मला शिकवू नकोस."

"मुलीची शपथ."

फौजदारणीने शपथ ऐकून घेतली, तिच्यावर विश्वास मात्र ठेवला नाही. "उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात चलायचं. मी येते बरोबर. डॉक्टरसमोर बघू कोण खोटं बोलतं ते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तूपण चल. साक्षीला." सुपरवायझरच्या कागदावर तिने लिहिलं, 'झडतीत काही सापडलं नाही', आणि खाली सही केली. हातात माल नसताना तिने कधीच कुणाचं नाव दिलं नव्हतं, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. मलमलीचं म्हणाल तर पुढच्या आठवड्यात कटिंगवाल्यांचीच चूक निघाली, आणि सुपरवायझर दोन दिवस गेटवर फिरकला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी काजवालीला विचारलं, कधीपासून त्रास आहे. काजवाली म्हणाली, "जरा थकवा येतो." बस्स. वीस वर्षं तोंड न उघडलेल्या बाईकडून दुसरं काय निघणार? मग फौजदारीण खुर्ची पुढे ओढून बोलायला लागली.

"थकवा दीड वर्षापासून. आधी जिना चढून यायची, आता मधे थांबते. खाज साताठ महिने, पाठीला जास्त. डबा संपत नाही चार महिने. पोट सात आठवडे, पाय तीन आठवडे, डावा आधी. दाबलं की निळं पडतं आणि आठ दिवस टिकतं. उजव्या बरगडीखाली हात लागला की आक्रसते. दुपारी तीननंतर बोलण्यात गफलत. वजन किती ते सांगता येणार नाही, पण खांद्याची हाडं लागायला लागलीत."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. पान उलटताना त्यांनी विचारलं, "तुम्ही नर्स आहात का?"

"नाही. झडती घेते."

"पेशंटची?"

"चोरांची."

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी बिल्ले घेते. त्या हसल्या नाहीत. पोटावर हात ठेवून, बोटांनी वाजवून बघितलं, पोटात पाणी झालंय म्हणाल्या. दारूचं विचारलं तेव्हा फौजदारीण टवकारून बसली. काजवालीने पुन्हा नाही म्हटलं, आणि डॉक्टरीणबाईंनी ते सरळ लिहून घेतलं. रक्त काढलं, सोनोग्राफी सांगितली, चार दिवसांनी बोलावलं.

चार दिवसांनी आम्ही तिघी पुन्हा त्याच बाकावर. रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस सी निघाला. डॉक्टरीणबाईंनी साध्या भाषेत सांगितलं. हा विषाणू लिव्हरमध्ये बसतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो. पंधरा, वीस वर्षंसुद्धा. बऱ्याच जणांना काहीच होत नाही, झालं तर थकवा, भूक मंद, थोडी मळमळ, खाज. लोक म्हणतात वय झालं, काम जास्त झालं. पोट आणि पाय सुजतात तोवर लिव्हर आतून वणांनी भरलेलं असतं. गोळ्यांनी विषाणू बहुतेक जाईल, पण वण उरतील, आणि त्यांच्यावर जन्मभर लक्ष ठेवावं लागेल. "दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर," एवढं म्हणून त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. मग म्हणाल्या, एका ताटात जेवल्याने, कपाने, हात लावल्याने हा पसरत नाही. रक्तातून पसरतो.

"कधी रक्त चढवलं होतं?"

"नाही."

"ऑपरेशन? गोंदवून घेतलंय?"

"नाही."

"दुसऱ्याला वापरलेली सुई कधी लागलीय?"

काजवाली नाही म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने डावा हात मांडीवरून उचलला आणि मूठ मिटली. असा हात लपवणाऱ्या हजारो बायका फौजदारणीने पकडल्या होत्या. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "मूठ उघड."

काजवालीने मूठ उघडली. पहिल्या बोटाच्या पेरावर एक पांढरा, जुना वण होता, तांदळाच्या दाण्याएवढा. फौजदारीण तो वण बघत राहिली, आणि मी तिचा चेहरा. तसा चेहरा मी पडद्यातून बाहेर येणाऱ्या, पकडल्या गेलेल्या बायकांचा बघितला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते तिच्या डोळ्यांत उतरलेलं मला दिसलं.

गेटवर यायच्या आधी फौजदारीण अठरा वर्षं मशीनवर होती. बाळाच्या कपड्यात सुईचा तुकडा गेला तर अनर्थ, म्हणून नियम असा की सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, कार्डावर टेपने चिकटवून द्यायचे, तरच नवी सुई मिळणार. टोक नाही सापडलं तर सगळी लाइन बंद, सगळे गठ्ठे उघडायचे. आणि टोक बहुतेक वेळा कुणाच्या तरी बोटातच असायचं. दवाखान्यात गेलं तर तिथला माणूस टोक काढून कचऱ्यात टाकायचा, आणि इकडे कार्ड अपुरं. म्हणून बायकांनी आपली सोय केली होती. औषधांच्या पेटीशेजारी खिळ्याला लाल दोऱ्याने एक जाड सुई टांगलेली असायची. तिला काढणी म्हणायचे. जिच्या हाताला गुण ती काढणीने बोट कोरून टोक काढायची, टोक कार्डावर, बोटाला चिंधी, दहा मिनिटांत मशीन सुरू. बाळाला काही टोचता कामा नये याची काळजी अशी की तुकडा कधीच हरवला नाही. काढणी मलमलीच्या चिंधीला पुसून परत खिळ्याला टांगायचे. चिंधी कोरी असायची, मग आणखी काय पाहिजे, असं सगळ्यांना वाटायचं.

हाताला गुण होता तो फौजदारणीच्याच.

डॉक्टरीणबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. काजवाली बोलणार नव्हती, मी तर साक्षीदार. फौजदारीण गप्प बसली असती तर ती गोष्ट त्या खोलीतच संपली असती. तिने खुर्ची पुढे ओढली. मग ती म्हणाली, "लागलीय सुई. माझ्या हातात होती."

तिने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वीस वर्षांपूर्वीचं आहे, तीच सुई असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण त्या सुईखालून गेलेल्या प्रत्येकीने रक्त तपासून घ्यायला हवं. किती जणी असतील?

"नावं नाही आठवायची. बोटं आठवतात."

आणि खरंच आठवली. सोमवारपासून पडद्याआड वेगळीच झडती सुरू झाली. जुन्या लाइनची बाई आली की फौजदारीण तिचा हात उलटा करून बघायची. "उजवा अंगठा. तुझं मी काढलं होतं. ही चिठ्ठी घे, शनिवारी दवाखान्यात जा." कुणी घाबरली, कुणी म्हणाली मला काही होत नाही, कुणी तिला शिव्या घातल्या. शिव्या तिने ऐकून घेतल्या. मॅनेजरने बोलावून विचारलं, हे काय चाललंय, तर म्हणाली, "काजवालीची जागा भरू नका, मग मी फक्त चिठ्ठ्या वाटेन. भरलीत तर काढणीची गोष्ट गेटबाहेर उभी राहून सांगेन." जागा रिकामी राहिली. चिठ्ठ्या वाटून झाल्या एकतीस. दोघींच्या रक्तात विषाणू निघाला, दोघी धडधाकट, जिने चढणाऱ्या. वेळेत सापडल्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खिडकीत यायच्या आधी मीही मशीनवर होते, माझ्याही करंगळीत एकदा टोक गेलं होतं. माझं काही निघालं नाही, आणि मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले.

पण बत्तिसावी चिठ्ठी कुठे होती? तिच्या स्वतःच्या बोटांवर तर वणांची रांगोळी होती. स्वतःची टोकं तिने स्वतःच काढली होती, त्याच काढणीने. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. मी नजर ठेवायला लागले. पट्टीने पाठ खाजवणं. तीनची गुंगी. टेबलाचा कोपरा लागला, तो डाग दुसऱ्या आठवड्यातही मनगटावर. कडू भाजी. फोडणीची मळमळ. वर्षभर हे सगळं रोज सकाळी माझ्या कानांवर पडत होतं, आणि मी ते सासू-सुनेचं भांडण म्हणून ऐकत होते.

"मावशी, तुम्ही पण रक्त..."

"मला काय धाड भरलीय? सुनेने नीट रांधलं तर ठणठणीत आहे मी."

तीनदा विचारलं, तीनदा हेच. चौथ्यांदा तिने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. ती घाबरली होती. दुसऱ्याचं अंग खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या बाईला स्वतःचं अंग ऐकायचं नव्हतं, आणि मला तिचा राग यायचा, आणि लगेच कीवही यायची.

दोन महिन्यांनी काजवाली गेटवर आली, सुटी वाढवायचा दाखला घेऊन. पोट उतरलं होतं, चेहऱ्याला बारीकसा रंग होता. मी तिला खिडकीतून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि सुटी होईपर्यंत माझ्या स्टुलावर बसून राहिली. भोंगा झाला, रांग आली, रांग संपली. फौजदारीण पडदा बाजूला करून बाहेर यायला लागली, तर काजवाली दारात उभी.

"आत चला, मावशी."

"आता कशाला? तुझी झडती नाही आज."

"तुमची आहे," काजवाली म्हणाली. मग मला, "साक्षीला या."

मला वाटलं फौजदारीण तिला ढकलून निघून जाईल. ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. मग मागे सरली, भिंतीला पाठ लावली, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात वर गेले. काजवालीला झडती घेता येत नव्हती; ती काजाला दोरा घालावा तशी जपून हात लावत होती. पाठीवर ओरखडे होते, काही ताजे. दंडावर एक निळा डाग. तळहात तिने उजेडात धरले, आपल्या हातांशेजारी. दोघींचे सारखेच लाल होते. मग ती खाली बसली, मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबला.

"नीट दाब," फौजदारीण वरून म्हणाली. "मी सोडलं नव्हतं तुला."

काजवालीने दाबून अंगठा काढला. बारीकसा खळगा पडला. आम्ही तिघी पुन्हा त्याच ट्यूबलाइटखाली वाट बघत राहिलो. या वेळी तो हळूहळू भरून आला. पण पडला होता.

फौजदारणीने तो बघितला होता. हात अजून वरच होते, खाली घ्यायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सुनेला फोन लाव," ती मला म्हणाली. "म्हणावं, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. आणि म्हणावं, भाजीत काही नव्हतं."